शेंबूड, लाळ आणि चिकाची भानगड

संपादकांचा लेखासाठी फोन आला तेव्हा मी त्यांना आधी एकच विचारलं, "शेंबूड हा शब्द दिवाळीच्या अंकात चालेल का?" पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ते हळूच म्हणाले, "किती वेळा येईल, सिस्टर?" मी म्हटलं, "आता ते काय सांगावं, तो आला की येतोच." त्यांनी हो म्हटलं, म्हणून हे लिहायला बसले आहे. ज्यांचं फराळाचं ताट समोर आहे त्यांनी ते आधी संपवावं.

माझं माहेर सोनपेठचं, सासर परभणीचं, आणि नोकरी सगळी पूर्णा तालुक्यात, चुडाव्याच्या बाजूला. काम सरकारी आरोग्य सेविकेचं. बाळंतपणं, लसी, तापाच्या गोळ्या आणि घरोघर हिंडणं. लोक मला सिस्टर म्हणत. पुढे पुढे आमचे हेही रागावले की सिस्टर म्हणायला लागले. पण इतकी वर्षं मी गावोगाव सगळ्यात जास्त कशाबद्दल बोलले असेन, तर माणसाच्या आतल्या ओल्या अस्तराबद्दल. पुस्तकात त्याला श्लेष्मल त्वचा म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा गावात उच्चारला तेव्हा एका बाईने विचारलं, "शेळीमल? शेळ्या तर आमी कवाच इकल्या." तेव्हापासून तो शब्द मी सोडून दिला आणि सरळ शेंबडावर आले.

गोष्ट साधी आहे. अंगाला बाहेरून कातडी असते, जाड आणि कोरडी. पण माणूस म्हणजे तोंड शिवलेलं पोतं नव्हे. त्याला नाक आहे, तोंड आहे, डोळे आहेत, आणि बाकीची दारं तुम्हाला ठाऊक आहेत. या दारांपासून आत फुप्फुसापर्यंत, पोटापर्यंत आणि थेट शेवटच्या दारापर्यंत हे ओलं, नाजूक अस्तर पसरलेलं असतं. ते नाजूकच लागतं, कारण त्यातूनच हवा आत घ्यायची, त्यातूनच खाल्लेलं अंगी लागायचं. आणि नाजूक म्हटल्यावर जंतूंनाही तीच वाट सोपी. म्हणून शरीराने आपला सगळ्यात मोठा बंदोबस्त तिथेच लावलेला असतो. शेंबूड, लाळ, डोळ्यांतलं पाणी, आतड्यातला बुळबुळीत थर, हे सगळे त्याच बंदोबस्तावरचे शिपाई. आपण त्यांना घाण म्हणतो आणि रुमालाने पुसतो.

माझं आरोग्य केंद्र ज्या गावात होतं तिथले पोलीस पाटील बळीराम यांचं नाक कायम वाहायचं. गडी सहा फुटी, मिशा झुपकेदार, आणि मिशीच्या वर हा प्रकार. एकदा ते केंद्रात आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, नाक सुकवायची गोळी द्या. मीटिंगीत साहेब लोकं बसलेले आस्तेत आन् माझं नाक वाहायलंय. पोलीस पाटलाचंच नाक वाहात आसंल तर गावाला धाक कसा ऱ्हाईल?"

मी म्हटलं, "पाटील, ते नाक कामावर हाय. धूळ, जंतू, जे काय आत शिरायलंय ते त्या चिकट शेंबडात अडकतं. आतमधी बारीक बारीक केस आस्तेत, ते त्याला घशाकडं ढकलतेत. मग आपुण ते गिळतो आन् पोटातलं आम्ल त्याचा निकाल लावतं."

"गिळतो?" पाटील उभेच राहिले.

"रोज. तुमीबी, मीबी, कलेक्टर साहेबबी."

पाटलांना पहिल्या दोघांचं काही वाटलं नाही, कलेक्टर साहेबांचं मात्र फार वाटलं. पण माझं ऐकतील तर पाटील कसले. त्यांनी परभणीच्या एका दुकानातून नाकात घालायचे थेंब आणले आणि येता-जाता घालायला सुरुवात केली. ते थेंब चार दिवस बरे. त्यापुढे नाकाला सवय लागते आणि मग ते थेंबांशिवाय उघडायचंच नाव घेत नाही. पाटलांचं नाक चोंदलं. ते तोंडाने श्वास घ्यायला लागले आणि पुढच्याच मीटिंगमध्ये साहेबांच्या शेजारी बसून असे घोरले, की साहेबांनी भाषण आवरतं घेतलं. थेंब सोडवता सोडवता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी नाक पुन्हा वाहायला लागलं तेव्हा पाटलांनी स्वतः येऊन आनंदाची बातमी दिली, "सिस्टर, शिपाई हजर झाला!"

या पाटलांमुळेच आमच्या गावात आयजी साहेब आले. म्हणजे आले नाहीत, पण आले. त्याचं असं झालं की मी प्रशिक्षणाला जाऊन नवीन माहिती घेऊन आले होते. या ओल्या अस्तरावर शरीर एक खास पदार्थ सोडतं, त्याचं नाव आयजीए. तो मारामारी करत नाही. येणाऱ्या जंतूला चिकटतो आणि त्याला अस्तराला धरूच देत नाही, मग जंतू वाहत बाहेर निघून जातो. मला हे फार आवडलं होतं. ग्रामपंचायतीत बायकांची बैठक घेतली आणि भरात येऊन मोठ्याने म्हणाले, "आपल्या दाराशी आयजीए पहाऱ्याला उभा आहे!"

पाटील मागे खुर्चीत डुलकी घेत होते. त्यांना एवढंच ऐकू आलं, की आयजी दाराशी उभा आहे. आयजी म्हणजे पोलिसांचा केवढा मोठा साहेब! पाटील मागच्या दाराने गेले. तासाभरात चिंचेखालचा पत्त्यांचा डाव उठला, गल्ल्या झाडल्या गेल्या आणि ज्यांच्या घरी मोहाचा वास यायचा त्यांच्या घरी उदबत्तीचा यायला लागला. बैठक संपवून मी बाहेर आले तर पाटील इस्त्रीचे कपडे घालून, हातात झेंडूचा हार घेऊन फाट्याकडे तोंड करून उभे. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी एकदा हाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता आनलाच हाय तर," आणि तो माझ्या गळ्यात घातला. तेव्हापासून आमच्या गावात त्या पदार्थाचं नाव आयजी साहेब पडलं. मीही ते बदलायच्या भानगडीत पडले नाही. नाव घ्यायला बायकांना आवडायचं, आणि साहेब म्हटल्यावर जरा ऐकूनही घ्यायच्या.

गावात महादेवअप्पांचं किराणा दुकान होतं. लिंगायत घर, कपाळावर विभूती, बोलणं गोड, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर फार श्रद्धा. पोलिओच्या डोसाच्या दिवशी अप्पा नातवंडांच्या वयाच्या पोरांच्या रांगेत येऊन तोंड उघडून उभे राहिले. मी सांगितलं, हे लहान लेकरांसाठी. हे तोंडातूनच देतात, कारण हा रोग आतड्यातून शिरतो, आणि आतड्यातल्या पहाऱ्याला चोराची ओळख तिथेच पटवून द्यायची असते. अप्पा म्हणाले, "मंग आमच्या आतड्यानं काय घोडं मारलंय?" याला माझ्याकडे उत्तर होतं, पण रांग मोठी होती. मी त्यांच्या बोटाला शाईचा ठिपका लावला, आणि अप्पा समाधानाने घरी गेले.

या अप्पांच्या घरची ही मुख्य गोष्ट. अप्पांची बायको पार्वतीबाई म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. कुणाच्या घरी बाळंतपण असो, लगीन असो, कुरडया असोत, बाई पदर खोचून हजर. त्यांच्या एकुलत्या एका मुलाला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. शेवटी सून महानंदा गरोदर राहिली, आणि दिवस पूर्ण भरायच्या आधीच, भर एप्रिलात, आमच्या केंद्रात बाळंत झाली. मुलगी झाली. रडली चांगली, पण अंगाने अगदीच बारीक, वजनाला कमी. अशा लेकराला हगवण लागली तर काय होतं, ते मी पाहिलेलं होतं. म्हणून बाळ पुसून, आईच्या उघड्या छातीवर ठेवून मी पार्वतीबाईंना बजावलं, "मावशी, लेकराला आधी चीक द्या. मध न्हाई, गूळपाणी न्हाई, गुटी न्हाई. फक्त चीक. आयजी साहेब त्याच्यातच आस्तेत." बाईंनी मान डोलावली. तेवढ्यात दुसऱ्या बाईला कळा सुरू झाल्या आणि मी पलीकडच्या खोलीत पळाले.

आता चीक म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं आणि पार्वतीबाईंनाही ठाऊक होतं. फक्त दोघींना वेगवेगळं ठाऊक होतं. बाळंतपणानंतर आईला पहिलं जे घट्ट, पिवळसर दूध येतं त्याला मी चीक म्हणत होते. पण एप्रिल महिना होता. गावात घरोघर कुरडयांचा घाट चालू होता आणि पार्वतीबाई स्वतःच्या अंगणातून, गहू वाटून निवळायला ठेवून, तशाच केंद्रात आल्या होत्या. त्यांनी लगेच घरी फोन लावला. फोनला रेंज यथातथाच, म्हणून त्या व्हरांड्यात जाऊन ओरडून बोलल्या, आणि ते अर्ध्या गावाने ऐकलं. "आवो, चीक पायजे! सिस्टरनी सांगितलंय! लेकराला द्यायचाय, लौकर आना!"

मी दुसरं बाळंतपण उरकून, हात धुऊन आले तर महानंदाच्या खाटेशी जत्रा भरली होती. स्टुलावर शेजारणीने आणलेला पितळी डबा, त्यात कुरडयांसाठी शिजवतात तो भिजवून वाटलेल्या गव्हाचा गरमागरम चीक, वर तुपाची धार. त्याच्या शेजारी अप्पांनी आणलेली किटली. त्यांना वाटलं चीक म्हणजे म्हशीचा, ज्याचा खरवस करतात तो. त्यांनी गावभर चौकशी करून नुकतीच व्यायलेली म्हैस शोधून काढली होती, आणि चीक फुकट मिळाला हेही मला आवर्जून सांगितलं. आणि या दोघांच्या मागे पोलीस पाटील, एका वाटीत पांढरं दूध घेऊन. मी विचारलं, "पाटील, हे काय?"

"रुईचा चीक. काटा मोडला की आमी लावताव. लेकराला कामून पायजे म्हनून इचारलं न्हाई, सरकारी काम आसंल म्हनलं."

रुईचा चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळाही होऊ शकतो. मी ती वाटी त्यांच्या हातून घेतली, लांब नेऊन पुरली आणि साबणाने हात धुतले. परत आले तर पार्वतीबाई चमच्यात गव्हाचा चीक घेऊन फुंकर मारत होत्या आणि लेकराचं तोंड चमच्यापासून वीतभर अंतरावर. मी चमचा झडप घालून धरला.

"मावशी, ह्यो चीक न्हाई!"

"मंग म्हशीचा?"

"म्हशीचाबी न्हाई! बाईचा! महानंदाचा!"

पार्वतीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच ताप चढलाय. "काय बोलायलाव सिस्टर? बाईला कुठं चीक आस्तो व्हय? चीक म्हशीला. बाईला पैलं नासकं पानी येतंय, पिवळं. ते पिळून टाकायचं आस्तंय. टाकायलीच हाय ती."

मी वळून पाहिलं. महानंदा भिंतीकडे तोंड करून बसली होती. पदराखाली वाटी. एका बाजूचं पिळून झालं होतं आणि दुसऱ्या बाजूला तिने हात लावला होता. सासूने सांगितलं तसं ती मुकाट्याने करत होती. लेकरू खाटेवर एकटं ओठ चाटत पडलेलं. मी इतक्या जोरात ओरडले, की पलीकडच्या खोलीतली नुकतीच बाळंत झालेली बाई उठून बसली.

मग मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. थोडं निवल्यावर मात्र नीट सांगितलं. "मावशी, तुमी नवं घर बांधलं की पैलं काय करताव? सारवताव. लेकराचं आतडं नवं हाय, कोरं हाय, आजून कुनी सारवलेलं न्हाई. महानंदाचं पैलं दूध म्हंजी ते सारवन. आतमधी पातळ थर बसतो आन् जंतूला धरायला जागाच ऱ्हात न्हाई. आन् महानंदानं तुमच्याच घरचं पानी पिलंय, तुमच्याच घरातला वारा खाल्लाय. तुमच्या घरातले जंतू तिच्या अंगाला ठाऊक हायेत. म्हनून तिच्या दुधातले आयजी साहेब तुमच्याच घरचा बंदोबस्त करतेत."

अप्पांनी किटलीकडे पाहिलं. "मंग म्हशीचे आयजी साहेब?"

"ते गोठ्याचा बंदोबस्त करतेत, अप्पा. ते रेडकासाठी."

हे अप्पांना पटलं. पाटलांनाही पटलं, हद्दीचा प्रश्न असल्यामुळे. दोघं डबा आणि किटली घेऊन व्हरांड्यात गेले. महानंदाने दुसऱ्या बाजूला लेकरू घेतलं. ते आधी गोंधळलं, मग एकदम धरलं, आणि चुरूचुरू आवाज यायला लागला. वाटीतलं जे वाया जाणार होतं तेही मी चमच्याने थेंब थेंब पाजलं. इतकं बारीक लेकरू, पण पिताना मुठी आवळायचं. मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

रिकामी वाटी मी पार्वतीबाईंच्या हातात दिली. त्या ती घेऊन खाटेच्या कडेला बसल्या आणि तिच्याकडेच बघत राहिल्या.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "माझं पैलं लेकरू हगवनीनं गेलं. पोरगंच होतं. मला लय दूध होतं वो, पिवळं धम्मक. आमच्या सासूबाईनी भित्तीवर पिळायला लावलं." वाटीच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "मी भित्तीला पाजला माझा चीक."

मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले. हगवणीला हजार कारणं असतात, पाणी असतं, माश्या असतात, तेच कारण होतं असं कुणी सांगू शकत नाही, असं मी म्हणाले आणि ते खरंच होतं. पण ते खरं असूनही त्या बाईच्या काही कामाचं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्यांच्या घरी जायची, चहा प्यायची, शेंबडावर विनोद करायची, आणि ही बाई आत एवढं घेऊन बसली होती ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि सुनेला दम दिला, "नीट धर की गं! सांडायलंय! भित्तीकडं कामून बगायलीस?"

ते लेकरू जगलं. नुसतं जगलं नाही, तर अंगणात धुमाकूळ घालणारी पोर झाली. तो गव्हाचा चीक आम्ही सगळ्या नर्सबायांनी त्याच दिवशी गूळ घालून खाल्ला. किटलीतल्याचा खरवस पार्वतीबाईंनी दुसऱ्या दिवशी आणला, आणि तो पाटलांनी जास्त खाल्ला.

मी निवृत्त होऊन परभणीला राहायला आले. यंदा एप्रिलात गावातल्या एका ओळखीच्या घरी बाळंतपण झालं, म्हणून लेकराला बघायला निघाले. परभणीहून गाडी, चुडाव्याला उतरून पुढे ऑटो. आदल्या दिवशी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत मी हौसेने लेझीम खेळले होते आणि गर्दीत कुणीतरी माझ्या तोंडावर मनसोक्त शिंकलं होतं. त्यामुळे नाक गळायला सुरुवात झाली होती. पण इतक्या लांब आले ते परत कशाला जायचं, असं मनाशी म्हणत घराच्या दारात पोचले.

दारात पार्वतीबाई पाट टाकून बसल्या होत्या. घर त्यांचं नाही, नात्याचंही नाही. आतल्या बायकांनी मला सांगितलं, की गावात कुठेही बाई बाळंत झाली की ही म्हातारी जाते आणि बाळंतिणीची खाट भिंतीपासून सरकवून मधे बसते. "भित्तीला न्हाई पाजू देत मी कुनाला," म्हणते. लेकराने चीक घेतला की मगच उठते, आणि मग दाराशी येऊन बसते. माझ्याआधी पाटलांना तिने परत पाठवलं होतं, त्यांच्या नाकावरून.

मला बघून म्हातारीचा चेहरा फुलला. "सिस्टर आल्या वो! यावं, यावं." मी चप्पल काढली, उंबऱ्याशी आले, आणि नेमका तेव्हाच रुमाल काढून नाक पुसलं.

पार्वतीबाईंनी हात आडवा केला.

"नाक वाहायलंय तुमचं."

"उलिसंच हाय, मावशी. लांबूनच बगते."

"न्हाई. तुमचे आयजी साहेब कामावर हायेत, त्यांना त्यांचं काम करू द्या. लेकराच्या आतल्या साहेबाला आजून भाईरच्या चोराची नीट वळख पटलेली न्हाई. तुमी हितं भाईर बसा."

मी चप्पल पुन्हा घातली आणि ओट्यावर बसले. कुणीतरी आतून गव्हाच्या चिकाची वाटी आणि चमचा आणून दिला. खाता खाता दाराच्या फटीतून आत कान दिला, तर लेकराचा चुरूचुरू आवाज येत होता, आणि आत गेलेली म्हातारी बाळंतिणीला सांगत होती, "गव्हाचा भाईर. म्हशीचा गोठ्यात. तुजा आत."